बायोडाटातला जॉब

हसू नका, पण मला हे अजून कळलेलं नाही. मी खासगी शाळेत इंग्रजी शिकवतो, म्हणून तलाठी भावाचा लग्नाचा बायोडाटा मीच लिहिला: "जॉब, कंधार." चार महिने एकही स्थळ आलं नाही.

जळकोटच्या मामांनी कागद बघितला. "जॉब कशाला लिहिलास? सर्विस लिही."

"मामा, दोन्ही एकच की."

"एक कसं? जॉब पुण्यात कंपनीत असतो. सर्विस म्हंजे सरकारी."

मी शब्दकोश काढला, मामा बघेनात. शेवटी तेवढा शब्द बदलला. आठवड्यात दोन स्थळं आली.

मी मामांना विचारलं, "मग माझं काय?"

"तुझा जॉब."

भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "मामा, ह्यांच्या बायोडाटात तर तुम्ही सर्विस लिहिलं होतं."