थुंकीतून निघालेली बहीण

रादका : बाबा, डीएनए तपासणीचा निकाल तिसऱ्यांदा वाचतेय. गेर्लिंड, वय सत्त्याहत्तर, राहणार बव्हेरिया, जर्मनी. नातं : सख्खी बहीण.

वोयत्येख : नळ्यांची अदलाबदल झाली असेल. थुंकलं कोण, नाव कुणाचं!

रादका : माझी नळी त्याच पाकिटात गेली होती. मी तुमचीच मुलगी निघाले. तिची भाचीही.

वोयत्येख : वाढदिवसाला चांगली बाटली आणायची, तर तू नळी आणलीस.

रादका : तुम्हीच पबमध्ये टेबल बडवून सांगायचात, आम्ही मुळापासून चेक वंशाचे. म्हटलं, कागदच आणून देऊ हातात.

वोयत्येख : माझी आई आनेझ्का. बास.

रादका : गेर्लिंडबाईंचं पत्र आलंय. शाळेत जर्मन शिकवणाऱ्या बाईंकडून चेकमध्ये उतरवून घेतलंय. वाचू?

(वोयत्येख खुर्ची जवळ ओढतो.)

रादका : महायुद्धानंतरचा, सेहेचाळीसचा उन्हाळा. ब्रोउमोव्ह गावच्या जर्मनांना घरं सोडून जर्मनीत जायला लावलं, माणशी पन्नास किलो सामान. तुम्ही दहा महिन्यांचे, तापानं फणफणलेले. गेर्लिंडबाईंच्या आईनं तुम्हाला शेजारणीकडे ठेवलं. ताप उतरला की मागवून घेते, म्हणाली.

वोयत्येख : शेजारीण म्हणजे...

रादका : आनेझ्का आजी.

वोयत्येख : मग मागवलं का नाही?

रादका : सहा वर्षं पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

वोयत्येख : आईला जर्मन वाचता यायचं. चांगलं यायचं.

रादका : बाबा...

वोयत्येख : मूल होत नव्हतं तिला. तिला काही बोलू नकोस.

रादका : मी कुठं बोलतेय?

वोयत्येख : मग मी कुणाला बोलू? ती तर कबरीत जाऊन बसलीय. आणि ती दुसरी? तिकडची?

रादका : पासष्ट साली गेली.

वोयत्येख : पासष्टला मी सैन्यात शिपाई होतो. बव्हेरियाच्याच हद्दीवर. मनोऱ्यावरून पलीकडची घरं दिसायची, दोरीवरचे कपडेसुद्धा.

रादका : उद्या आत्याला फोन लावू या. बोलाल ना?

वोयत्येख : कुठल्या भाषेत? बिअर मागण्यापुरतंही जर्मन येत नाही मला.

रादका : शाळेतल्या बाई बसतील मधे.

वोयत्येख : बहिणीशी बोलायला मधे बाई! ...त्या पत्रात माझं नाव लिहिलंय का गं? आधीचं?

रादका : नाही. आत्याला माहीत नाही, ती नंतर जन्मली. तिची आई ते नाव कधी घ्यायचीच नाही म्हणे. नुसतं 'बाळ' म्हणायची.