उलटा लागलेला फर्मा

बाबा: कोणीतरी हात लावलाय. मी सांगतो ना, कोणीतरी नक्की हात लावलाय!

मुलगी: बाबा, आधी चहा घ्या. गाडीवाले दादा मघापासून दारात उभे आहेत पेट्या घेऊन.

बाबा: उभे राहू देत. तुझ्या आईचं पुस्तक आहे हे. ती गेली तेव्हा शिलाईच्या चौकटीवर जसं होतं तसं ठेवलंय, सुईसकट. सहा फर्मे शिवलेले, बाकीचे शेजारी रचलेले. आणि आता बघ, सात झालेत!

गाडीवाला: काका, आत येऊ का? पेट्या जड नाहीत हो, पण दारात उभं राहिलं की येणारा-जाणारा मलाच विचारतो, संग्रहालय उघडं आहे का म्हणून.

बाबा: सांगा त्यांना, आजपासून बंद. सगळं मोठ्या संग्रहालयात चाललंय. तिथे काचेआड राहील, कोणाचा उपद्रव नाही.

गाडीवाला: पण हा फर्मा म्हणजे काय?

बाबा: छापलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घातल्या की जी जुडी होते ना, तो फर्मा. अशा जुड्या एकीवर एक शिवत जायच्या. मग पुठ्ठा, मग वरून कापड. झालं पुस्तक.

गाडीवाला: एवढं छान सांगता, मग बंद कशाला करताय?

मुलगी: विचारा, विचारा. मी विचारून विचारून थकले.

बाबा: हा हात बघा माझा. दोरा ओवायला जावं तर सुई एकीकडे, दोरा दुसरीकडे. लोक येतात, पुस्तकं दाबायचा शिकंजा बघतात, दाभण बघतात आणि म्हणतात, जरा करून दाखवा की! काय दाखवू? करून दाखवणारं माणूस नसेल तर या दोन खोल्या म्हणजे नुसती अडगळ.

मुलगी: अडगळ म्हणू नका हो. जीव तुटतो माझा.

बाबा: माझा तुटत नाही का? म्हणून तर निदान हे पुस्तक तरी जसंच्या तसं जावं असं वाटत होतं. काल संग्रहालय बघायला आलेल्या त्या मास्तरांचाच हा उद्योग. सारखे वाकून वाकून बघत होते.

गाडीवाला: चोरही भला दिसतोय, काका. काही घेऊन गेला नाही, वर काम करून गेला.

बाबा: थट्टा सुचतेय तुम्हाला! चष्मा दे गं. आणि दिवा लाव.

(बाबा चौकटीवर वाकून दोऱ्यावरून बोट फिरवत राहतात.)

बाबा: गाठ भलत्याच अंगाला आहे. ही डाव्या हाताची शिवण.

गाडीवाला: मघाशी माझ्या कागदावर ताईंनी सही डाव्याच हातानं... बरं, मी आपला गप्प बसतो.

बाबा: आणि फर्मा उलटा लागलाय. अक्षरं डोक्यावर उभी आहेत.

मुलगी: उलटा? अगं बाई! मला कळलंच नाही.

बाबा: म्हणजे तू?

मुलगी: सकाळी तुम्ही दूध आणायला गेलात ना, तेव्हा. म्हटलं, एकदा हे पेटीत गेलं की याच्यापुढे कोणी बसणार नाही. आईच्या जागी एकदा तरी बसावं.

बाबा: पण तुला शिकवलं कोणी? मी तर कधी...

मुलगी: तुम्ही सांगायचात, डावखुऱ्या माणसाला ही चौकट जमायची नाही. खिडकी डावीकडे, दिवा डावीकडे, सगळा कारभार उजव्यांच्या सोयीचा.

बाबा: माझे वडील म्हणायचे तसं. मीही तेच म्हणत राहिलो.

मुलगी: मग मी चौकटीच्या पलीकडे बसायला लागले, आईच्या समोर. अभ्यासाचं निमित्त. तिचा उजवा हात बरोबर माझ्या डाव्या हातासमोर यायचा. आरशात बघावं तसं. तिच्या लक्षात आलं होतं. काही बोलायची नाही, फक्त जरा सावकाश शिवायची.

बाबा: आणि मला वाटायचं, मायलेकी गप्पा छाटताहेत.

मुलगी: त्याही छाटायचो. तुमच्याबद्दल.

गाडीवाला: अहो, म्हणूनच उलटा लागला! ताई शिकल्या पलीकडून, आणि आज बसल्या अलीकडे.

बाबा: अगदी बरोबर. पुष्कळ चुका पाहिल्या मी या खोलीत, पण ही चूक आमच्याच घरात होऊ शकते.

मुलगी: रागावलात?

बाबा: थांब, दोरा खेचून बघू दे. ढिला नाही, आणि कागदही कुठे कापला नाही. तुझ्या आईचा ताण असाच असायचा. मी आपला समजून बसलो होतो, ती गेली तसा तिचा हातही गेला. बरं वाटलं गं पोरी. फार बरं वाटलं.

मुलगी: मग या पेट्या?

बाबा: पेट्यांचं नंतर. कात्री घे आणि तो फर्मा उसव.

मुलगी: राहू द्या ना. माझा पहिलाच आहे.

बाबा: काचेआड ठेवायचं असतं तर राहू दिला असता. आपल्याला आता पुस्तक पुरं करायचंय. वाचणाऱ्याला काय मध्येच डोक्यावर उभं करणार आहेस?

गाडीवाला: म्हणजे मी रिकाम्या पेट्या घेऊन परत जायचं? आमच्या साहेबांना काय सांगू?

बाबा: तुम्ही काही सांगू नका, मीच फोन करतो. म्हणेन, सामान वापरात आहे, देता येत नाही.

मुलगी: बाबा, पण मला नुसती शिवण येते. खळ, पुठ्ठा, कापड, यातलं काही येत नाही. लोक समोर उभे राहिले तर?

बाबा: मी आहे ना शेजारी. हात थरथरतो माझा, तोंड नाही.

मुलगी: तोंडाबद्दल मला कधीच शंका नव्हती.

गाडीवाला: मग मीही जरा बसतो. बघू तरी कसं करतात ते. इथे समोर बसू?

बाबा: समोर नको! उलटं शिकाल. इकडे शेजारी या.

मुलगी: उसवला. आता वरची बाजू इकडे ना?

बाबा: इकडे. घाई करू नकोस. नीट दिसतंय का?

मुलगी: नाही हो. माझ्याच हाताची सावली पडतेय घडीवर.

बाबा: पडणारच. आजोबांनी तो दिवा तिथे ठेवला, तेव्हापासून कोणी हलवलाच नाही. दादा, जरा हात लावा. उजवीकडे घेऊ या.