मामाचा फेटा अन् मोटरीचा पाईप

हॅलो?... हॅलो! हो, सिहोऱ्याहून रत्नाबाईच बोलून राहिली... कोण? इश्वर? अरे कुठं हायेस तू? इथं नवरदेव पारावर येऊन बसला अन् नवरीचा मामा गायब!

...नाकाडोंगरीच्या पोस्टातून? तिथं काय करून राहिला?

...काय फाटलं? मोठ्यानं बोल, मांडवात बँड वाजून राहिला... रेडिएटरचा पाईप? सारं पाणी सांडलं? अरे देवा! अन् महिनाभरापासून सांगून राहिला होता, 'बाई, मी नव्या डिझेल मोटरीनं येतो, सुमित्राच्या सासरचे पाहतच राहतील.' पाहून राहिले बावा, रस्त्याकडं पाहून राहिले!

...नाही, हासत नाही मी... बरं, हासली थोडीशी.

...आमची जीप उरलेलं वऱ्हाड आणाले गेली, कशी पाठवू? अन् मुहूर्त पावणेबाराचा. आता दहा वाजले.

...काय म्हणते? तेजरामले उभं करू? काहून? तो चुलत मामा, तू सख्खा. पोरीले बोहल्यावर तूच आणशील. चूप बस अन् आयक माहं.

...हो, मले कळते! गिरणीच्या इंजिनाचा पाईप दर हंगामात फाटते, मीच बांधते. तुह्या भाऊजीले काय येते? तुहा गडी मंगरू गाडीपाशी हाय न? खिडकीतून आवाज दे त्याले... ट्रंककॉल लागाले घंटा झाला? मग इंजिन थंडच असंल. आता सायकलची जुनी ट्यूब घ्या. लांब पट्टी कापून ताणून गुंडाळा. वरून कापड, घट्ट. बाबूजीच्या हातमागावर कांडीले सूत गुंडाळत होता न तू? तसं, एकाले एक लागून.

...कापड नाही? डोक्यावर काय हाय मग?

...हो, तोच! ...नवा हाय तं काय झालं? फाड! ...अरे बोडक्या डोक्यानं ये, मी म्हणून राहिली न! पोरीले मामा पाहिजे, फेटा नाही.

हॅलो?... हो ऑपरेटर भाऊ, अजून तीन मिनिटं द्या. लग्नघर हाय... तुम्हीही या जेवाले, सोबत बायकोले आणा.

...हं, इश्वर? फाडला? शाबास! ...गुंडाळून झालं? पाणी भरा, पण वरचं झाकण ढिलं ठेवा, म्हणजे पाईपवर जोर पडत नाही. दर पाच मैलाले थांबून पाणी पाहा... गळून राहिलं? थेंब थेंब? गळू दे.

...थांब, सुमित्रा आली. फोन ओढून राहिली. घे बेटा, बोल... बस झालं, रडू नको, सारं काजळ पसरलं. दे इकडं.

...आयकलं न? गुरुजीलेही तेच सांगितलं तिनं. मामाचा हात धरल्याबिगर खोलीतून निघत नाही म्हणते.

...कायचा आवाज? चालू झाली? वा रे मंगरू! ...हो, हो, सांगते साऱ्यायले...

इश्वर... घाई नको करू बावा. हळू चालव. पावणेबाराचा चुकला तं संध्याकाळी गोरज हाय. वऱ्हाडाले मी दोनदा जेवू घालीन. पण भाऊ मले एकच हाय...

...आता तू कायले रडते? पोस्टात लोक पाहून राहिले असतील! ...हो, मलेही... अरे फोन ठेव न पहिले! ...ठेव! ...तू नाही ठेवत? मग मीच ठेवते!