माझ्या तोंडी दुसरीचा आवाज

मी इंग्लिश हाय, हे आधी लिही. हसू नको. जन्म लेस्टरचा, शाळा तितली, कामही तितलंच. आईवडील गडहिंग्लजकडचे, वडील मोज्यांच्या कारखान्यात मशिनीवर, आणि आई घरात मराठीशिवाय दुसरं बोलायचीच न्हाई, म्हणून माझी मराठी ही अशी, कोल्हापूरकडच्या बायकांची, मी आलो, मी गेलो. तुझ्या पुण्याच्या कानाला खटकंल, खटकू दे.

शाळेत नाटकं करायचो. एक बाई म्हणाल्या, शालन, तुझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, तू नाटकाच्या शाळेत जा. वडील भडकले, नाचायला पाठवू का पोरीला. आई म्हणाली, पोरगी सकाळी जाईल, संध्याकाळी येईल, तुम्ही मोजे विणा. झालं, गेलो.

तीन वर्षं शिकलो आणि पहिल्याच ऑडिशनला, काय सांगू तुला, टीव्हीची मालिका, दुकानदाराच्या बायकोचं काम, मी बोलून दाखवलं तर दिग्दर्शक म्हणतो, छान, आता जरा इंडियन करून बोल. मी म्हटलं, मी अशीच बोलतो. न्हाई न्हाई, तसं, मान हलवून. आणि त्यानं मला करून दाखवलं, मला, माझ्या आईचं बोलणं, त्यानं! खोलीतले सगळे हसले. मी पिशवी उचलली आणि बाहेर पडलो. चालत बसस्टॉपवर आलो. तवा ठरवलं, काम मिळो न मिळो, आईला वेडावून पोट भरायचं न्हाई.

मग मिळालंच न्हाई की काम. शाळेच्या किचनमध्ये ताटं धुतली. नवरा बस चालवायचा, बिचारा म्हणायचा, कर की एकदा, कुणाला कळतंय. मला कळतंय, मी म्हणायचो. शेवटी हॉस्पिटलची मालिका आली, त्यात वॉर्डची सिस्टर, अकरा वर्षं, माझ्या लेस्टरच्या बोलीत. बाजारात बायका हात धरून गुडघ्याची औषधं विचारायच्या मला! मग बारीकसारीक सिनेमे, आणि साठी उलटल्यावर एक मोठं काम. रिटायर झालेली मुख्याध्यापिका, तिचा मुलगा कारखान्यात मरतो आणि ती कोर्टात उभी राहून बोलते. पाच मिनिटांचं भाषण, न तोडता. आयुष्यभर थांबलो ते त्यासाठीच, असं वाटलं.

तो सिनेमा संपला आणि नवरा गेला. लेक हितं जर्मनीत, आखनला युनिव्हर्सिटीत, जावई इचलकरंजीचा इंजिनेर, तो म्हणाला, आई, एकट्या कशाला राहताय, या. आलो. आनमेल्डुंग करायला गेलो, पत्ता नोंदवायला, तर ती ऑफिसातली बाई विचारती, बेरूफ? काम काय करता? म्हटलं, शाउश्पीलेरिन, नटी. तिनं दोनदा वर बघितलं.

मग सिनेमा हितं लागला. हितं सगळ्यावर जर्मन आवाज चढवत्यात, ते म्हाईत होतं. लेक आणि नऊ वर्षांची नात मीरा, दोघींना घेऊन गेलो. पडद्यावर मी तोंड उघडलं आणि आतनं कोण बोललं? मोडकं जर्मन, जिभेवर दगड ठेवल्यासारखं, र घोळवून, आणि शब्दही उलटेपालटे, लेकीनं सांगितलं. मुख्याध्यापिका बाई ती, आणि तिला धड वाक्य येईना! कोर्टातला सीन आला, मुलाचं नाव घेऊन मी रडतोय, आणि मागच्या रांगेत लोक हसले. मीरा कानात म्हणाली, आज्जी, वारूम श्प्रिख्स्ट दू झो कोमिश? अशी विचित्र का बोलतीस? मी उठून उभी राहिलो आणि इंग्लिशमध्ये ओरडलो, हा माझा आवाज न्हाई! लोक म्हणाले, श्श्श.

लेकीला घेऊन त्या आवाजाच्या कंपनीत गेलो. माणूस तरणा, सभ्य, कॉफी दिली. म्हणाला, आल्झो, म्हंजे बघा, ती कुठली आहे ते लोकांना लगेच कळायला नको का? मी म्हटलं, ती लेस्टरची आहे. गेनाऊ, अगदी बरोबर, तो म्हणतो, पण तशी दिसत नाही ना. हे मला मराठीत सांगताना लेक मधेच थांबली. तिचं तोंड बघून मला स्वतःपेक्षा तिच्यासाठी जास्त राग आला. आमच्या सिनेमाच्या दिग्दर्शकाला लिहिलं, तो म्हणाला, माफ कर, माझ्या हातात काही न्हाई. म्हंजे सगळे सभ्य, सगळ्यांचे हात रिकामे, आणि मी तेवढी सिनेमात बोबडी.

लोक हौसेनं भाषा शिकत्यात, मी रागानं जर्मन शिकलो.

मीरा आता चौदाची. मी मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देती, आमचं तसंच चालतं. गेल्या रविवारी दुपारी तो सिनेमा टीव्हीवर लागला. लेक म्हणाली, बंद करा. मीरानं रिमोट घेतला आणि आवाज तेवढा बंद केला. कोर्टाचा सीन आला तशी ती उभी राहिली आणि माझं सगळं भाषण जर्मनमध्ये बोलली, स्वच्छ, ओठाला ओठ जुळवून. इंग्लिशवरनं तिनं स्वतः जर्मन केलं होतं, पाठ कधी केलं कुणाला म्हाईत. मी म्हटलं, मुलाचं नाव घेताना घाई केलीस. ती म्हणाली, नोखमाल? म्हटलं, हां, परत एकदा.

पण राग गेला असं लिहू नको. सिनेमा अजून तसाच लागतोय. पोरीचं भलं होऊ दे, तिच्या तोंडात कुणी दुसऱ्यानं बोलू नये, एवढंच मागणं.