डाव्या कप्प्याचं वजन

(मेंढ्यांचा गोठा. वाशाला वजनकाटा टांगलेला, खाली झोळीत एक कोकरू. सासू बाहेर अंगणात कपडे वाळत घालते आहे.)

सून: मामंजी, झोळीला हात नका लावू. काटा थांबू दे.

सासरे: हात कुठे लावतोय? लाथा झाडतंय, म्हणून पोटाखाली नुसता आधार.

सून: आधार दिला की वजन कमी दिसतं. सोडा बरं... एकतीस! हे बारावं. मामंजी, सूर्यफुलाच्या पेंडीवरचा डावा कप्पा जिंकला! शेंगदाण्याच्या पेंडीवरची कोकरं प्रत्येकी दोन-दोन किलोंनी मागे!

सासरे: हं.

सून: हं काय? साठ दिवस दोन्ही गव्हाणी मोजूनमापून भरल्यात मी!

सासरे: आनंद आहे की. त्याला उतरव आधी, लोंबकळतंय बिचारं.

सून: उद्या सकाळी मेंढपाळांच्या बैठकीत वही वाचून दाखवते. शेंगदाण्याचा घाणा बंद पडल्यापासून सगळे हवालदिल झालेत. मी हो म्हटलं की वीसच्या वीस घरं सूर्यफुलाची पेंड भरणार.

सासरे: उद्या नको जाऊस.

सून: का?

सासरे: दाढ दुखतेय माझी.

सून: तुमच्या दाढेचा आणि माझ्या बोलण्याचा काय संबंध? खरं सांगा, सून चारचौघांत उभी राहून बोलणार, ते खुपतंय ना?

सासरे: अगं वेडे! पहिल्या ओळीत बसून ऐकणार होतो मी. इस्त्रीचा सदरा काढून ठेवलाय.

सून: मग?

सासरे: डावा कप्पा जिंकलेला नाही, पोरी. मी जिंकवलाय.

सून: म्हणजे?

सासरे: पहिले तीन दिवस आठवतात? पेंडीतली टरफलं बघून त्यांनी तोंडं फिरवली. तू म्हणालीस, आठवड्यात सवय होईल. पण दुपारी तू पाण्यावर गेलीस की बाराच्या बारा माझ्याकडे बघून बें बें करायची. देवाने त्यांना मागायला दुसरं काही दिलेलं नाही गं. मी शेंगदाण्याची पेंड घातली. मूठभर.

सून: एकाला?

सासरे: एकाला घालून बाकीच्या अकरांना तोंड कसं दाखवू?

सून: तीनच दिवस ना?

सासरे: कोकरं फार गोड आहेत यंदाची.

सून: मामंजी.

सासरे: कालपर्यंत.

सून: अहो! पोतं लवकर संपतंय म्हणून मी उंदरांच्या नावाने बोटं मोडली! मांजर आणलं!

सासरे: मांजर गुणी आहे.

सासू: ऐकलं हो मी! म्हणून सदऱ्याचे खिसे तेलकट! दोन महिने मी त्या साबणाला नावं ठेवतेय! आणि तू हसू नकोस गं, आणखी चढतील ते.

सून: हसत नाहीये, आई. रडू येतंय. लोकांनी माझ्या वहीवर विसंबून पेंड भरली असती आणि त्यांची कोकरं हाडकुळी राहिली असती, तर?

सासरे: म्हणूनच आज तोंड उघडलं. रोज म्हणायचो, सांगून टाकू. पण तू वहीत लिहायचीस तेव्हा तुझं तोंड बघितलं की धीर गळायचा.

सून: उद्या बैठकीत सांगते, वजनं व्हायची आहेत अजून.

सासरे: झालीत की. एक लबाडी पुरे. उद्या मीच उभा राहतो. सांगतो, घोळ या म्हाताऱ्याने घातला.

सासू: चाळीस वर्षं लोक तुम्हाला विचारून कोकरू निवडतात. हसतील.

सासरे: हसू देत. हिला कुणी खोटी म्हणायला नको.

सून: मामंजी...

सासरे: डोळे पूस. मागाहून झालेली कोकरं दूध सुटायला आलीतच. पुन्हा दोन कप्पे कर. या खेपेला पेंड पहिल्याच दिवशी पोटभर नको, थोडी थोडी वाढवत नेऊ. आणि टरफलं चाळून काढू. मग तोंड नाही फिरवणार.

सून: हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?

सासरे: मेंढ्यांत जन्म गेला माझा.

सून: मग बोलला का नाहीत?

सासरे: तू विचारलं नाहीस. आणि मीही बसून राहिलो, सून विचारेल तेव्हा सांगू म्हणून.

सून: विचारायला हवं होतं मी. तराजू आला, वही आली, म्हणून वाटलं सगळं आलं. या खेपेला डाव्या कप्प्याची गव्हाण तुम्ही भरायची.

सासू: यांनी? शुद्धीवर आहेस ना?

सून: यांनीच.

सासरे: आणि दुपारी ती पुन्हा बें बें करायला लागली तर?

सून: तर मला हाक मारा. दोघं मिळून ऐकू.