भाषणातले बाबा

ताई: हळू बोल रे, लोक अजून बाहेर चहा घेताहेत.

भाऊ: हळू कशाला? मी तर मेलोय ना! मेलेल्याचा आवाज कुणाला ऐकू जातो?

ताई: अरे, भाषण होतं ते.

भाऊ: माझ्या लेकीने भरल्या सभेत सांगितलं, 'माझे बाबा गेले.' आणि मी मागच्या दारात उभा! हातात पाना, तुमच्याच शाळेचा गळका नळ दुरुस्त करून आलेला. सख्ख्या भावाला जिवंतपणी पोचवलंस, ताई!

ताई: ते भाषण मी आपल्या पोरीसाठी लिहिलंच नव्हतं. हिच्या वर्गातली ती दोन वेण्यांची बोलणार होती. तिचे वडील खरंच गेले. पण तिची आई ऐन वेळी अडून बसली. म्हणाली, माझ्या लेकीचं दुःख मी चव्हाट्यावर मांडणार नाही.

भाऊ: शहाणी बाई.

ताई: पाहुणे येऊन बसलेले. आपली पोर पाठांतराला पक्की. मी म्हटलं...

भाऊ: म्हटलंस, एकीचं दुःख उचलू आणि दुसरीच्या तोंडात कोंबू. ती वेण्यांची पोर पुढेच बसली होती. बापाचा खोकला, बापाची सायकल, सगळं मैत्रिणीच्या तोंडून ऐकत. बघितलंस तिच्याकडे?

ताई: बघितलं.

भाऊ: आणि थांबवलं नाहीस.

ताई: नाही थांबवलं! मुलींचं स्वच्छतागृह कधीचं बंद पडलंय. पोरी दिवसभर घोटभर पाणी पीत नाहीत. अर्ज करून माझे हात दुखले. देणगीचा डबा घेऊन दारोदार फिरले, तर म्हणतात, सरकारी शाळा ना, मग सरकारकडे मागा. पोरी पाणी पीत नाहीत म्हटलं तर कुणाचा हात खिशात जात नाही रे. बाप मेला म्हटलं की जातो.

भाऊ: मग त्याची लाज त्यांना वाटू दे! आपल्या पोरीला का खोटं बोलायला लावायचं? पाईप मी फुकट टाकणारच होतो.

ताई: आणि विटा? दारं? कोण देणार होतं फुकट?

भाऊ: म्हणून मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायचं? तेही मढं जिवंत असताना! जा बाहेर. लोक आहेत तोवर माईकवर सांग, बाप धडधाकट आहे म्हणून.

ताई: डबा उलटा करून पैसे परत घेऊन जातील.

भाऊ: जाऊ देत.

ताई: तू अर्ध्यातूनच निघून गेलास. शेवटी पोर अशी रडली की अख्खी सभा डोळे पुसत होती. डबा भरला तो तेव्हा.

भाऊ: हुंदका कुठे द्यायचा, तेही शिकवलंस वाटतं?

ताई: नाही. शपथ घेऊन सांगते, रडायचं मी नव्हतं शिकवलं.

(मुलगी दारात येऊन उभी आहे.)

मुलगी: आत्या, ती माझ्याशी बोलत नाही. हात धरला तर झटकला तिने.

भाऊ: ऐक, ताई. ऐक आता.

मुलगी: बाबा, मी मुद्दाम नाही रडले. तू दारातून निघून गेलास ना, तेव्हा रडू आलं. मला वाटलं, मी बोलले म्हणून तू खरंच गेलास.

भाऊ: इकडे ये. ये ना. हा बघ, आहे मी.

ताई: (बाहेर जायला निघत) माईक अजून काढला नसेल ना रे?