तामाल शिजेनात

नाही हो, डॉन एलेआझार, पोटबिट नाही बिघडलं कुणाचं. काल त्या स्वयंपाकाच्या वर्गाहून परत येताना आम्ही चौघं तुमच्या गाडीत मिठाची गुळणी धरून बसलो होतो, म्हणून विचारताय ना? पोट बिघडायला आधी पोटात काही जावं लागतं. मला काय वाटलं होतं, सांगू? चुलीशी बसू, आई पीठ फेटेल, बाबा पानं पुसतील, उलिसेस — माझा धाकटा भाऊ, मागच्या सीटवर घोरतो तो — काहीतरी पाचकळ बोलेल, सगळे हसतील, आणि झाकण काढलं की अशी वाफ येईल की मी सहा वर्षं घरी नव्हते हे कुणाला आठवणारही नाही. आणि झालं काय? तीन तास चुलीवर वाफवून, पानात बांधलेले मक्याच्या पिठाचे चाळीसच्या चाळीस तामाल कच्चे! गिच्च. पान सोडवायला जावं तर पीठ पानासकट हातात. तुम्ही काच पुसा हो, थांबू नका, मी आपली बोलतेय. समुद्राकडे निघायला अर्धा तास आहे अजून. ते तिघं झोपलेत. म्हणजे — झोपले असावेत.

वर्ग मीच शोधला. हॉटेलच्या बाई सांगत होत्या, चॉकलेटचा घ्या, तासाभरात उरकतो. मी म्हटलं, छे, तामालच. कारण तामाल एकट्यानं होत नाहीत — हे मी तिकडे हॉलंडला भर सभेत सांगितलंय, डॉन एलेआझार. एकानं फेटायचं, एकानं भरायचं, एकानं बांधायचं. ज्या घरात तामाल होतात ते घर मोडत नाही, असं म्हटलं होतं मी. टाळ्या पडल्या होत्या. मक्याच्या बियाण्यावर शिकायला गेले होते आणि घरावर भाषणं देत होते. हसा, हसा. मीही हसले असते, पण तुम्ही त्या वर्ग घेणाऱ्या डोन्या क्रिसांतांना पाहिलंय ना? त्या आमच्याकडे बघून पहिलं वाक्य काय बोलल्या — "भांडून आलात का? आलाच असाल तर आत्ता सांगा, तोर्तिया थापायला घेऊ. तोर्तियांना कुणाचाही राग चालतो. तामालना नाही." मी म्हटलं, भांडण? आमच्यात? सहा वर्षांनी चौघं एकत्र आलोय, डोन्या! आई तेव्हा चप्पल काढत होती. फार वेळ काढत होती.

मग मी आईला आणि बाबांना एकाच परातीशी बसवलं. मुद्दाम? — मुद्दाम कशाला! जागाच तेवढी होती. बरं, जागा होती दुसरी. बसवलं मी मुद्दाम. बाबांनी परात धरली, आईनं चरबी घालून पीठ फेटलं, अर्धा तास, एक शब्द नाही. पिठाची गोळी पाण्याच्या पेल्यात टाकली, तर तरंगली. म्हणजे पीठ चोख. पातेल्याच्या तळाशी नाणं टाकलेलं, ते खुळखुळत होतं, म्हणजे पाणीही होतं. जाळ चांगला. मग काय चुकलं? डोन्या क्रिसांतांनी एक तामाल उघडला, बोटानं दाबला, आणि डॉक्टर बोलतात ना तसं बोलल्या — "कुणाच्या तरी पोटात राग आहे." कणसाच्या पानाच्या पट्ट्या फाडल्या. ज्याला राग आहे त्यानं पट्टी पातेल्याच्या कानाला बांधायची आणि काय ते मोठ्यानं बोलून टाकायचं, मग शिजतं. आणि मी, डॉन एलेआझार, मी खूश! म्हटलं, केवढं शहाणपण आहे या माणसांत! फोन काढला मी, चित्रण करायला!

उलिसेस उठला पहिला. पट्टी बांधली, म्हणाला, "हॉटेलच्या उशीवर माझा भयंकर राग आहे," आणि पातेल्यासमोर ढुंगण हलवून नाचला. सगळे हसलो. आई नाही हसली. अर्ध्या तासानं झाकण काढलं — कच्चेच. मग आईनं हात धुतले, पुसले, पट्टी घेतली, बांधली. आणि पातेल्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "नोएमी, तुझे बाबा चौदा महिने झाले, घरी राहत नाहीत." मीठ कमी पडलंय म्हणावं तशी. बाबा म्हणाले, "ग्रासिएला, परत गेल्यावर सांगायचं ठरलं होतं आपलं." ती म्हणाली, "ठरलं होतं. पण पातेलं आज चढलंय."

दर रविवारी, डॉन एलेआझार! दर रविवारी मी हॉलंडहून फोन करायचे, दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दहाच्या बसनं यायचे म्हणे, माझ्याशी बोलायचे, आणि जायचे. उलिसेसला ठाऊक होतं. पातेल्याशेजारच्या मांजरालाही ठाऊक असेल! "तुझी परीक्षा होती," आई म्हणाली, "मग प्रबंध होता, मग तू इतकी आनंदात होतीस की —" आणि मी काय केलं? भाषण. लाज नाही वाटत, म्हटलं, इथल्या गावात लोक एकमेकांना धरून राहतात आणि तुम्ही! वगैरे, वगैरे. बाबांनी गुपचूप एक पट्टी उचलली. म्हणाले, "डोन्या, माझा राग नाही, थकवा आहे. चालेल का?" त्या म्हणाल्या, "थकवा पातेल्याला कळत नाही, साहेब. तुम्ही बसा." परत झाकण. म्हटलं, आता तरी शिजतील, सगळं तर बोलून झालं! उघडलं — कच्चे. आणि त्या बाईनं उरलेली पट्टी माझ्यापुढे धरली. सगळ्यांदेखत. मला? मला कसला राग? मीच तर सगळ्यांना एकत्र आणलं! त्यांचा हात तसाच पुढे. मी घेतली नाही. मी निघून आले, तुमच्या गाडीत येऊन बसले. तुम्ही रेडिओ बंद केलात, आठवतं?

तेव्हापासून तोच हात दिसतोय डोळ्यांपुढे. कारण — हे कुणाला सांगू नका — मला माहीत होतं. कळलं नव्हतं असं नाही. सोफ्यामागच्या खुंटीवर बाबांची टोपी दिसेनाशी झाली होती. आणि गेल्या पावसाळ्यात एकदा आईचा फोन चालूच राहिला, मला दार उघडल्याचा आवाज आला, आणि आई बाबांना म्हणाली, "जपून जा, रोहेलियो." पाहुण्याला म्हणतात तसं. ऐकलं मी. त्याच आठवड्यात ही सहल ठरवली. बारा दिवस, चौघं, एकाच गाडीत. आई-बाबांची खोली एकच, पलंग एकच — तोही मीच सांगून घेतला. मी मक्यासाठी परत आले, मातीसाठी आले, असं सगळ्यांना सांगते. खोटं नाही ते. पण — मी परत यायच्या आधीच तुम्ही दोघांनी घर कसं मोडलंत, माझी वाटसुद्धा पाहिली नाहीत, हा राग नाही तर काय आहे?

आणि आज सकाळी, आत्ताच, तासाभरापूर्वी — त्यांना उठवायला गेले. दार नुसतं लोटलेलं. आई पलंगाच्या कडेला, कपडे करून, केस विंचरून बसलेली. बाबा खाली फरशीवर. पाठीला पट्टा लागतो त्यांना, तो माणूस फरशीवर, बॅग उशाला घेऊन. मला बघितलं आणि धडपडत उठले, हसले, आणि पांघरूण झटकन उचलून पलंगावर टाकलं. पलंगावर! काल सगळं बोलून झाल्यावरसुद्धा! मला दिसू नये म्हणून! मी म्हटलं, बाबा, तुम्हाला समुद्र बघायचाय का? म्हणाले, "तुला बघायचाय ना, पोरी?"

त्या दारातच ठरवलं मी. समुद्राला आम्ही तिघंच जाणार, डॉन एलेआझार. आधी बस स्टँडवर घ्या. नऊची पुएब्लाची, आमच्या गावची गाडी आहे, तिच्यात बाबांना बसवायचं. त्यांची बॅग मी उचलणार. आणि लवकर घरी या, असं मी म्हणणार नाही. जीभ चावून धरीन, पण म्हणणार नाही. अजून त्यांना सांगितलं नाही — नाही, आईलाही नाही. सगळे यायला लागले बघा. पुढचं दार बाबांसाठी उघडा, पाठीला बरं पडेल. आणि तुम्ही काही बोलू नका आता. बोलायचंय ते मला बोलायचंय. उघडा ना दार!